बेटावरची नारळी पुनव

माझ्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या, फेल्डहोवनच्या आमच्या घरामागे कपडे वाळत घालत होते. कशी आहेस, पोरगी काय म्हणते, असलं काही त्याने विचारलं नाही. "ताई, बाबाला दोन महिने तुझ्याकडं घेऊन जा," तो म्हणाला. "तो इथं राहिला तर मी काय तांडेल होत नाय."

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. आमच्या घरात हा मान बाबाकडे होता, त्याच्याआधी त्याच्या बापाकडे. मागच्या थंडीत बाबाच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी दोन स्टेंट बसवले आणि आता दर्यावर जायचं नाही म्हणून बजावलं. बाबाने सुकाणू मुलाच्या हातात दिलं, पण तोंड स्वतःकडेच ठेवलं. जाळं कसं शिवायचं, डिझेल कधी भरायचं, बर्फ कुणाकडून घ्यायचा, सगळं तो धक्क्यावर उभा राहून ओरडून सांगायचा आणि बिचारे खलाशी ऐकावं कुणाचं म्हणून दोघांकडे आळीपाळीने बघत राहायचे. भावाचं म्हणणं खरं होतं. एका होडीत दोन तांडेल मावत नाहीत.

मग पावसाळ्यात, मासेमारी बंद असतानाच, बाबाला इकडे आणला. दोन-चार दिवस तो शांत होता. त्यानंतर आमच्या डायनिंग टेबलावरून व्हिडिओ कॉल सुरू झाले. उंटावरून शेळ्या हाकणं काय असतं ते मी त्या महिन्यात रोज पाहिलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी म्यूट दाबायला विसरले की माझ्या डच मॅनेजरला इंजिनच्या पट्ट्याबद्दल कोळी भाषेत कानउघाडणी ऐकू यायची. तो बिचारा समजुतीने मान हलवायचा.

नारळी पुनव जवळ आली तसा बाबाचा आवाज मात्र बसत गेला. सरकारी बंदी आधीच उठते, पण आमच्या कोळीवाड्यात दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नाही. बाबाने कळायला लागल्यापासून एकही पुनव चुकवली नव्हती. त्याचा आणि दर्याचा करार अगदी साधा आहे: दर्याने नारळ घेतला की वर्षभर माणसं परत येतात. यंदा पुनवेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ पहिल्यांदा तांडेल म्हणून, बापाशिवाय, दर्यात जाणार होता.

"तो देईल ना नारळ," मी म्हटलं.

"तो देईल तो तांडेलाचा," बाबा म्हणाला. "बापाचा कोन देनार?"

फेल्डहोवनला पाणी म्हणजे एक ओढा आणि त्यात बदकं. मी तो ओढा सुचवून पाहिला. "बदकांना नारळ देऊ?" असं म्हणून बाबाने माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या सगळ्या डिग्र्या पाण्यात गेल्या.

खरं तर मला कितीतरी वर्षांपासून उत्तरेकडच्या एका छोट्या बेटावर जायचं होतं. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या उन्हाळ्यात अर्धं महाराष्ट्र मंडळ तिथे पोचेल आणि शांतता संपेल. नवऱ्याच्या ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, म्हणून तो घरीच राहिला. मी, बाबा आणि माझी दहा वर्षांची लेक असे तिघं निघालो. आधी नारळाची शोधाशोध झाली. सुपरमार्केटमधला नारळ बाबाने हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि परत ठेवला. त्याला शेंडी नव्हती, वर प्लास्टिकचं वेष्टन होतं, आणि फोडायला सोपं जावं म्हणून मधोमध चर पाडलेला होता. "हा नारळ नाय, बॉल हाय," बाबा म्हणाला. शेवटी आइंडहोवनच्या एका सुरिनामी दुकानात शेंडीवाला एकच नारळ मिळाला. तो बाबाने स्वतःच्या टॉवेलमध्ये गुंडाळून, बेटाची बोट सुटते त्या हार्लिंगनच्या धक्क्यापर्यंत मांडीवर घेऊन नेला.

बेटावर पाहुण्यांना गाडी नेता येत नाही. बोटीतून उतरल्यावर समोर टॅक्स्या नाहीत, हॉर्न नाहीत. सायकलींची रांग आणि मिठाचा वास. मी एक बाकफीट्स भाड्याने घेतली. ही पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल असते. डच आया तिच्यात पोरं भरून शाळेत नेतात. आमच्या पेटीत बाबा बसला, नारळासकट. लेक शेजारून स्वतःच्या सायकलवर हसत हसत चालली होती आणि बाबा दोन्ही हातांनी मला वळणं दाखवत होता. आयुष्यभर होडीच्या मागच्या टोकाला बसलेला माणूस पुढे बसलेला मी प्रथमच पाहिला. त्याला ते फार आवडलं.

आम्ही जिथे उतरलो तिथली घरमालकीण सत्तरी ओलांडलेली, उंच, ताठ बाई. तिला इंग्रजी येत असावं, पण बेटावर ते वापरायची तिला गरज वाटत नव्हती. माझं डच सुपरमार्केटच्या दारापर्यंतच टिकतं, म्हणून दुभाषीपण लेकीकडे आलं. बेटावरची माणसं बाकीच्या देशाला 'काठ' म्हणतात. "तुम्ही काठावरून आलात ना," असं ती म्हणाली तेव्हा मला वाटलं, आता पासपोर्टच मागते. तसा तो एक स्वतंत्र देशच होता, आणि त्याचे कायदे तिने आम्हाला दारातच सांगितले. इथे जे येतं ते बोटीने येतं आणि जे उरतं तेही बोटीनेच जातं, म्हणून कमी आणा आणि कमी उरवा. भाज्यांची सालं अंगणातल्या खताच्या पेटीत. पिण्याचं पाणी वाळूच्या टेकड्यांच्या पोटातून येतं, तिथे पाऊस मुरतो. म्हणून न्हाणीघरात वाळूचं घड्याळ टांगलंय, वाळू संपली की नळ बंद. टेकड्यांवर जिथे दोरी लावली आहे तिथे पक्ष्यांची घरटी आहेत, दोरी ओलांडायची नाही. आणि समुद्रात काहीच टाकायचं नाही.

मला वाटलं, बाबा आता चिडणार. त्याला कुणी नियम सांगितलेले चालत नाहीत. पण तो खुशीत मान डोलवत होता. "आपल्यासारखंच हाय," तो मला म्हणाला. "मासळीला पोरं होतात तवा आपन जाळं टाकत नाय. त्यांनी दोरी लावली, आपन होडी वर घेतो." वाळूच्या घड्याळाचं तर त्याला वेडच लागलं. वाळू संपायच्या आत आंघोळ उरकून तो विजयी मुद्रेने बाहेर यायचा आणि लेकीला किती वाळू उरली ते बघायला पाठवायचा. मी मात्र दोनदा हरले, डोक्याला शांपू तसाच ठेवून.

त्या घरात विकत आणलेलं फारसं काही नव्हतंच. बसायचा बाक वाहून आलेल्या फळ्यांचा, दाराची मूठ कुठल्याशा जहाजाच्या दोरखंडाची, आणि छताची मोठी तुळई तिच्या आजोबांच्या काळात फुटलेल्या गलबताची. फडताळावर लोकरी स्वेटरमधल्या एका तरुण माणसाचा फोटो होता.

समुद्राकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एका खांबावर कापडी पिशव्या टांगलेल्या असत. फिरायला जाताना एक घ्यायची, पुळणीवर जो काही कचरा दिसेल तो भरायचा, आणि येताना कचऱ्याच्या पेटीत रिकामी करून पिशवी परत टांगायची. कुणी सांगत नाही, कुणी बघत नाही, पण रिकाम्या हाताने फिरणारा माणूस मला तिथे दिसला नाही. बाबा तर दोन-दोन पिशव्या घ्यायचा. त्याला बाटल्याबिटल्यांत रस नव्हता. तो जाळ्यांचे तुकडे आणि नायलॉनच्या दोऱ्या शोधायचा. संध्याकाळी अंगणात बसून त्यांच्या गाठी सोडवायचा आणि चांगली दोरी निघाली की तिची पिशवी विणायचा. घरमालकिणीला त्याने कांदे ठेवायला एक विणून दिली. तिने ती चुलीच्या वर टांगली, दोनदा ओढून बघितली आणि त्याला मोठा मग भरून कॉफी दिली. बाबाला कॉफी आवडत नाही. तो सगळी प्यायला.

पुनवेच्या दिवशी तो पहाटेच उठून बसला. मी बरोबर आणलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसाचा नारळीभात केला, कारण खरा नारळ दर्याचा होता. बाबाने दोन घास खाल्ले, "भुसा" एवढंच म्हणाला आणि ताट पुढे सारलं. मग त्याने बॅगेतून सोनेरी कागद काढला. आमच्याकडे नारळाला सोन्याने मढवल्यासारखं सजवतात. त्याने तो कागद आणि चमचमती झालर घरून खास आणली होती.

लेकीचं आवडतं डच वाक्य म्हणजे "माख निट", म्हणजे चालणार नाही. ते तिने आजोबांना ऐकवलं. "आजोबा, दिस इज प्लास्टिक. द फिश विल ईट इट."

"वर्षातून एकदा गं," बाबा म्हणाला.

"माख निट."

मी मध्ये पडले नाही. दोन हट्टी माणसांच्या मध्ये पडायचं नाही हे मला माझ्या आईने शिकवलं आहे. बाबाने थोडा वेळ फुरंगटून घेतलं, मग आपल्याच हातांनी झालर सोडली, कागद काढला आणि घडी करून बॅगेत ठेवला. नारळाला हळद-कुंकू लावलं आणि लाल-पिवळा सुती धागा बांधला. लेकीने धागा तपासून पास केला.

"पण इथे समुद्रात काहीच टाकायचं नसतं," ती मला इंग्रजीत म्हणाली. बाबाला तेवढं बरोबर कळलं.

"टाकनं येगळं, देनं येगळं," तो म्हणाला.

आता भरतीचा प्रश्न होता. मी फोनवर भरतीच्या वेळा शोधायला लागले तर बाबाने माझ्या हातावर चापट मारली. आमच्याकडे तिथीवरून भरती मोजतात. बोटांच्या पेरांवर हिशेब करतात, आणि बाबाचा हिशेब कधी चुकलेला मी पाहिला नव्हता. त्याने पेरं मोजली आणि सांगितलं की दुपारचा चहा झाला की ओहोटीचा जोर असेल. ओहोटीला दिलेला नारळ दर्या आत घेऊन जातो. मी फोन खिशात ठेवला.

पुळण इतकी रुंद की पाण्यापर्यंत पोचतानाच बाबाला दोनदा थांबावं लागलं. आकाश स्वच्छ होतं, वारा बोचरा होता, आणि मैलभरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. बाबाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि त्या बर्फासारख्या पाण्यात, ब्र न काढता, पोटऱ्यांपर्यंत गेला. नारळ कपाळाला लावला. माझ्या भावाचं नाव घेतलं, होडीचं घेतलं, खलाशांची घेतली, आणि दोन्ही हातांनी नारळ लाटेवर ठेवला. मागे वळून बघायचं नसतं, म्हणून तो सरळ चालत आला. मला रडू आलं. वारा होता म्हणून कुणाला कळलं नाही.

त्या संध्याकाळी बाबा माझ्या भावाशी फोनवर एकही सूचना न देता बोलला. "जा सांभालून," एवढंच म्हणाला. भाऊ गडबडला आणि त्याने मला वेगळा फोन करून विचारलं, बाबाची तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला घरमालकीण अंगणातून जवळजवळ धावतच आली. रात्री समुद्राने काहीतरी विलक्षण आणून टाकलं आहे, सगळं गाव जुन्या बोटघरात जमलंय, चला, असं लेकीने भराभर सांगितलं. वाहून आलेलं काही वेगळं सापडलं की ते या बोटघरात आणून लांब टेबलावर मांडायचं, अशी बेटाची पद्धत. कुणाचं असेल तर तो नेतो, उपयोगाचं असेल तर ज्याला हवं तो नेतो, आणि अगदीच नवल असेल तर भिंतीवर लागतं. आम्ही उत्साहाने गेलो. मला वाटलं, व्हेल माशाचं हाड असेल.

टेबलावर, निळ्या कपड्यावर, आमचा नारळ होता.

कुंकू धुऊन गेलं होतं, पण हळदीचा डाग होता आणि धागा जसाच्या तसा. भोवती पंधरा-वीस माणसं होती. एक गृहस्थ भिंग घेऊन शेंडी बघत होते. लेक कानात भाषांतर करत होती: हे म्हणतात ब्राझीलहून आला, त्या म्हणतात नाही, आफ्रिकेहून, तिकडून प्रवाह असा येतो, वर्षभर तरी लागलं असेल. धाग्याबद्दल भिंगवाल्यांचं मत होतं की तो कुठल्याशा जहाजावरच्या मालाची खूण असावी. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर इतका आनंद होता की मी तोंड मिटून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं की प्रत्येक जण माझ्याकडेच बघतोय. समुद्रात काही टाकायचं नाही असं जिथे दारात सांगतात तिथेच आम्ही नारळ टाकला होता. दिला होता म्हणा, पण डचमध्ये तो फरक मला समजावता आला नसता.

मग मी बाबाकडे पाहिलं आणि माझी लाज कुठल्या कुठे गेली. तो टेबलाची कड धरून उभा होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

"परत दिला," तो म्हणाला. "दर्यानं परत दिला."

मी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याची एक चूक माझ्या तेव्हा लक्षात आली. चंद्र तोच, तिथी तीच, पण प्रत्येक किनाऱ्याची भरती वेगळ्या वेळी येते. आमच्या किनाऱ्यावरचा हिशेब बाबाने इथे लावला आणि चढत्या पाण्यात नारळ सोडला. मी त्याला हे समजावून सांगितलं. त्याने ऐकूनही घेतलं. "बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "पन पोरगा दर्यात हाय." तिकडे दुपार झाली होती. भाऊ पहाटेच निघालेला, फोन लागत नव्हता, होडी संध्याकाळपर्यंत यायची होती. मी विज्ञान शिकलेली बाई, पण मीही पुन्हा पुन्हा त्याचा नंबर लावत राहिले.

लेकीने आमच्या दोघांकडे पाहिलं, मग टेबलापाशी गेली आणि मोठ्या आवाजात डचमध्ये सांगून टाकलं की हा नारळ ब्राझीलचा नाही, आफ्रिकेचा नाही, तो माझ्या आजोबांचा आहे, आणि आम्ही तो काल दुपारी इथूनच सोडला.

भिंगवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं. आणि मग घरमालकीण हसायला लागली, अशी की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि तिच्यामागे सगळेच. भिंगवाले सर्वांत शेवटी हसले, पण हसले. त्यांना विचारायचं होतं की का सोडला. लेकीने सांगितलं: मामा, होडी, आजोबा, करार. तिचं डच इतकं वाहत होतं की मला निम्मंच कळत होतं, पण ऐकणाऱ्यांचं हसू हळूहळू विरत गेलेलं मला दिसलं. ते सगळे समुद्राकाठचेच लोक होते.

घरमालकीण बाबासमोर येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसली. तिने नारळ आणला होता. ती सावकाश, थांबून थांबून बोलली, आणि माझी लेक, जी घरात मराठी समजते पण उत्तर कधी मराठीत देत नाही, तिने ते आजोबांना मराठीत सांगितलं. दुसरा इलाज नव्हता. आजोबांना दुसरी भाषा येत नव्हती.

"आजोबा, ती म्हणते, तिचा हजबंडपण बोटीवर होता. फोटोमधला. समुद्राने त्याला ठेवून घेतला. परत नाही दिला. त्याची बोट नाही, टोपी नाही, काहीच नाही." तिने श्वास घेतला. "ती रोज जायची बघायला. अजून जाते. ती म्हणते, समुद्र ठेवून घेतो तेव्हा रडायचं. परत देतो तेव्हा नाही रडायचं. परत देतो तेव्हा थँक यू म्हणायचं आणि घरी न्यायचं."

दर्याने ठेवून घेतलेली माणसं आमच्या वाड्यातही आहेत. बाबाचा सख्खा चुलतभाऊ त्यांत आहे. मग त्याने हात पुढे केला आणि तिने नारळ त्याच्या हातात ठेवला.

"बाय," बाबा तिला म्हणाला, "चल. भात खायला ये. समद्यांना सांग."

लेकीने तेही भाषांतर केलं.

घरमालकिणीच्या दाराच्या दगडी पायरीवर बाबाने नारळ फोडला. एका फटक्यात, सरळ दोन वाट्या. पाणी एका पेल्यात धरलं, अर्धं स्वतः समुद्राच्या वाटेवर नेऊन शिंपडलं, अर्धं घरमालकिणीला दिलं. खोबरं पांढरंशुभ्र होतं. माझ्याकडे गूळ, तूप आणि लवंगा होत्या. परदेशातला महाराष्ट्रीय माणूस पासपोर्ट विसरेल, गूळ विसरत नाही. खोवणी नव्हती, पण एका शेजारणीने किसणी आणली, दुसरीने मोठं पातेलं, भिंगवाल्यांनी स्वतःची खुर्ची आणि स्वतःचा चमचा. तिथे कुणीच कागदी ताटल्या आणत नाही. ज्याला जेवायचं तो आपली बशी घेऊन येतो. अंगणातल्या बाकांवर, वाहून आलेल्या फळ्यांवर बसून त्या लोकांनी नारळीभात खाल्ला. भात तांबूस, मऊ, तुपाने लकाकणारा झाला होता. भिंगवाल्यांनी तीनदा घेतला आणि प्रत्येक वेळी म्हणाले की हा नारळ ब्राझीलचा असता तरी इतका चांगला लागला नसता. करवंट्या घरमालकिणीने धुऊन ठेवल्या, थंडीत पाखरांना दाणे घालायला. शेंडीसुद्धा वाया गेली नाही, तिने ती भांडी घासायला घेतली.

बाबा मात्र बशी हातात धरून बसला होता. दर दोन मिनिटांनी फोनकडे बघत होता. त्याने लेकीला विचारलं, हा भात तुला आवडला का, ती म्हणाली, "खूप. भुसा नाही." सगळे जेवत होते, हसत होते, आणि आम्ही तिघं आतून ताटकळत होतो. घरमालकिणीला ते कळत होतं. तीही उठली नाही, आत गेली नाही, बाबाच्या शेजारीच बसून राहिली.

फोन वाजला तेव्हा बाबाने तो माझ्यापुढे धरला. मी स्पीकर लावला. मागे धक्क्यावरचा गलका होता, कुणीतरी बर्फ फोडत होतं, आणि भावाचा आवाज घोगरा, थकलेला, आनंदाने फुटायला आलेला होता. आलो म्हणाला. सगळे आलो.

मी लेकीला जवळ ओढलं. घरमालकिणीला भाषांतर लागलं नाही. तिने आवाजावरूनच ओळखलं आणि सगळ्यांना खूण केली. अंगणात टाळ्या वाजल्या.

"बाबा, हा कसला आवाज?" भावाने विचारलं. "नारळ दिलास ना काल?"

"दिला."

"मग?"

"परत आला."

बर्फ फोडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. "परत आला म्हंजे?" भावाने हळूच विचारलं.

"परत आला म्हंजे परत आला," बाबा म्हणाला. "तू आलास तसाच. आता सांग, जाल्यात काय गावलं?"